केशरी पडद्यापलीकडचं माणूस

भाषा शिकवणारं ॲप आज खिशात असतं, पण ही कल्पना आपल्या आईवडिलांच्या वयाची आहे. १९६० मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांनी 'प्लेटो' ही संगणकप्रणाली सुरू केली. हेतू सरळ होता: यंत्रानं शिकवायचं. १९७२ च्या सुमारास आलेल्या टर्मिनल्सना केशरी प्लाझ्मा पडदा होता, आणि चक्क टचस्क्रीनसुद्धा! त्यावर विद्यार्थी फ्रेंच, रशियन गिरवायचे. शंभरदा चुका, यंत्र वैतागणार नाही.

पण यंत्र सांगणार फक्त बरोबर की चूक. आपलं म्हणणं समोरच्यापर्यंत पोचलं का, हे कोण सांगणार?

गंमत पुढेच आहे. १९७३ मध्ये डेव्हिड वूली या १७ वर्षांच्या पोरानं 'नोट्स' लिहिलं, तेही बग नोंदवायला! त्याच वर्षी डग ब्राऊनचं 'टॉकोमॅटिक' आलं. पलीकडचा टाइप करत असतानाच त्याचं एकेक अक्षर इकडे उमटायचं. अडखळणं, खोडणं सगळं दिसायचं. धडे देण्यासाठी बांधलेल्या यंत्रावर लोकांनी गप्पांचा अड्डा जमवला. आज 'प्लेटो'चं नाव निघतं ते धड्यांइतकंच या अड्ड्यासाठी.

मला यात भाषा शिकण्याचं मर्म दिसतं. शब्द पाठ करायला यंत्र उत्तम, खुशाल वापरा. पण भाषा अंगात मुरते ती कुणाला तरी काहीतरी सांगायचं असतं तेव्हा. तेव्हा स्ट्रीक सांभाळा, पण आठवड्यातून एकदा कुणाशी तरी मोडकंतोडकं बोलाच!