अपस्मार आणि स्मृती

फेफरे, घुरे, मिरगी, आकडी अशी अनेक नावे या रोगाला मराठीत आहेत. परंतु आयुर्वेदाने दिलेले जे जुने नाव, ते विशेष विचार करण्याजोगे आहे. अपस्मार या शब्दाच्या पोटात स्मरणाचा धातू आहे. अंग ताठ होणे, हातपाय झाडणे, तोंडाला फेस येणे ही या रोगाची डोळ्यांत भरणारी लक्षणे. पण नाव ठेवणाऱ्याने ती सारी बाजूला सारली आणि स्मृती निघून जाते एवढीच गोष्ट हाती धरली. चरकसंहितेत अपस्माराचे निदान व चिकित्सा सांगणारे अध्याय आहेत. उन्मादाचे अध्याय त्यांच्या शेजारी आहेत, पण निराळे आहेत. वेड वेगळे आणि अपस्मार वेगळा, हा विवेक त्या ग्रंथकारांपाशी होता. पुढे पॅरिसच्या इस्पितळात आणि पुष्कळ काळाने भारताच्या कायद्यातही तो सुटला.

घरात एखाद्याला फेफरे येऊ लागले की आप्तांच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. झटका थांबेल कसा, हा पहिला. त्यावर जोडा किंवा कांदा हुंगविण्याचा उपाय शेजारीपाजारी तत्काळ सुचवितात, आणि झटका बहुधा दोनचार मिनिटांत आपोआप ओसरत असल्यामुळे श्रेय जोड्याच्या पदरात पडते. दुसरा प्रश्न सहसा मोठ्याने विचारला जात नाही. या झटक्यांनी पोराची बुद्धी तर जाणार नाही ना? वैद्यकशास्त्राने गेल्या दोनशे वर्षांत या दुसऱ्या प्रश्नाची जी उत्तरे दिली, ती एकमेकांशी जुळणारी नाहीत. आणि प्रत्येक उत्तराचा भार कोणत्या ना कोणत्या रोग्याला सोसावा लागला आहे.

हा रोग देवाचा कोप नसून मेंदूचा विकार आहे, असे ग्रीक वैद्य हिपॉक्रेटीसच्या नावावर चालत आलेल्या ग्रंथात ख्रिस्तपूर्व ४०० च्या सुमारास सांगितलेले आहे. तथापि मेंदूत नेमके काय बिघडते, हे पाहण्याची सोय पुढे दोन हजार वर्षे कोणालाच नव्हती. ती सोय पॅरिसमधील साल्पेत्रिएर या अवाढव्य इस्पितळात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झाली. तेथे अपस्मारी स्त्रियांचे स्वतंत्र दालन होते. एस्किरोल या प्रख्यात मनोरोगतज्ज्ञाने त्यांपैकी ३३९ जणींची पाहणी करून तिचे आकडे मांडले. १४५ स्त्रियांची बुद्धी पार मावळलेली होती; ज्यांच्या बुद्धीत काहीच दोष आढळला नाही अशा अवघ्या ६० निघाल्या. १८३८ साली त्याचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. अपस्माराचा शेवट बुद्धिभ्रंशात व्हावयाचा, ही समजूत या आकड्यांनी युरोपात पक्की करून टाकली.

आकडे खरे होते, परंतु ते कोणाचे होते हे पाहिले पाहिजे. ज्या बायका घरात, शेतात किंवा दुकानात काम करून आपला रोग सांभाळीत होत्या, त्या साल्पेत्रिएरमध्ये कशाला येतील? ज्यांना घराने टाकले, ज्यांचा रोग अतिशय बळावला, ज्यांचा मेंदू जन्मतःच किंवा दुखापतीने अधू होता, अशाच तेथे जमा झाल्या होत्या. लंडनच्या रसेल रेनल्ड्सने हे ओळखले. अपस्मारामुळे मनोव्यापार बिघडलाच पाहिजे असे मुळीच नाही, असा निर्वाळा त्याने १८६१ च्या आपल्या ग्रंथात दिला. त्याचा आवाज त्या काळी एकाकीच होता. त्यात आणखी एक गोंधळ मिसळला. १८५७ मध्ये सर चार्ल्स लोकॉक यांनी ब्रोमाइडचा गुण सांगितल्यापासून अपस्मारावर हे पहिले खरोखर लागू पडणारे औषध सर्वत्र सुरू झाले. परंतु मात्रा वाढली की ब्रोमाइड माणसाला सुस्त, मंद व विसराळू करून सोडते. झटके कमी झाले आणि बुद्धी मंदावली, तर दोष रोगाचा की औषधाचा? कित्येकांच्या बाबतीत तो औषधाचा होता व नावे मात्र रोगाच्या लिहिला गेला, असे आज मागे वळून पाहता दिसते.

याच सुमारास शवविच्छेदनाच्या टेबलावर निराळाच पुरावा गोळा होत होता. मेंदूच्या दोन्ही बाजूंस, कानशिलांच्या आतल्या अंगाला, समुद्रघोड्याच्या आकाराचा एक लहानसा भाग असतो. त्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात. साल्पेत्रिएरमधल्याच बूशे आणि काझोव्हीय यांना काही अपस्मारी रोग्यांच्या मेंदूत हा भाग कठीण झालेला आढळला व १८२५ मध्ये त्यांनी तसे लिहून ठेवले. १८८० मध्ये जर्मनीच्या सोमरने सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगितले की, तेथील एका ठरावीक पट्ट्यातील मज्जापेशीच नाहीशा झालेल्या असतात. यातून वाद उपस्थित झाला. पेशी मेल्या म्हणून झटके येतात, की झटके येतात म्हणून पेशी मरतात? लंडनचे गॉवर्स १८८१ मध्ये म्हणाले की, एक झटका पुढच्या झटक्याची वाट तयार करून ठेवतो. हा केवळ तर्क होता, पण फार दूरवर गेलेला तर्क होता. १९६९ मध्ये गोडार्ड व त्याच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूला रोज अगदी सौम्य विजेचा स्पर्श दिला. आरंभी त्या उंदरांना काहीही होत नसे. तोच सौम्य स्पर्श काही दिवसांनी पूर्ण फेफरे आणू लागला.

हिप्पोकॅम्पसचा स्मृतीशी संबंध काय, हे मात्र सोमरला ठाऊक नव्हते. त्याची पहिली चुणूक एका डॉक्टरच्याच रोगातून मिळाली. हा डॉक्टर ह्युलिंग्स जॅक्सन यांचा रोगी. १८८८ च्या लेखात त्यांनी त्याचा उल्लेख 'झेड' एवढ्याच अक्षराने केला आहे. झेडला अंग झाडणारे झटके क्वचितच येत. बहुधा काही क्षण स्वप्नात असल्यासारखी अवस्था होई. एकदा छातीच्या रोग्याला तपासण्यासाठी त्याने स्टेथॉस्कोप हाती घेतला आणि झटका येत असल्याचे त्याला जाणवले. पुन्हा भान आले तेव्हा तो मेजाशी बसून दुसऱ्याच कोणाशी बोलत होता. मधल्या वेळेतले त्याला काहीच आठवेना. पाहतो तो रोग्याचे निदान त्याच्याच हस्ताक्षरात लिहून तयार: डाव्या फुप्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया. त्याने धास्तीने रोग्याला पुन्हा तपासले, आणि निदान बरोबर निघाले! म्हणजे त्या वेळात विद्या शाबूत होती, हात शाबूत होते, विचारही शाबूत होता. नव्हती ती फक्त स्मृती. झेडच्या मृत्यूनंतर त्याचा मेंदू तपासण्यात आला तेव्हा डाव्या बाजूला, हिप्पोकॅम्पसच्या अगदी लगत, एक लहानसा विरलेला ठिपका सापडला. अपस्मार हे नाव ठेवणाराला जे म्हणावयाचे होते, त्याचे इतके चोख उदाहरण दुसरे मिळणे कठीण.

पुढच्या उदाहरणाची किंमत एका तरुणाला आयुष्यभर मोजावी लागली. अमेरिकेतील हेन्री मोलेसन हा लहानपणापासून अपस्माराने ग्रासलेला होता. १९३८ पासून उपलब्ध झालेले फेनिटॉइन हे नवे औषधही त्याचे झटके आवरू शकले नाही. १ सप्टेंबर १९५३ रोजी, वयाच्या २७ व्या वर्षी, स्कोव्हिल या शस्त्रवैद्याने हार्टफर्ड येथे त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस बव्हंशी काढून टाकले. झटके पुष्कळ कमी झाले. बुद्ध्यंक शस्त्रक्रियेपूर्वी १०४ होता, तो नंतरच्या चाचणीत ११२ भरला. आणि तरीही हेन्रीला त्या दिवसापासून नवे काही लक्षात ठेवता येईना. ब्रेंडा मिल्नर या विदुषी त्याला वर्षानुवर्षे तपासत राहिल्या. प्रत्येक भेटीत त्या त्याला नव्यानेच भेटत. त्यांनी त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरविण्यास दिली. तीन दिवसांत त्याचा हात सफाईने चालू लागला, परंतु हे काम आपण पूर्वी कधी केले होते, हे त्याला मान्यच नसे. बुद्धी एक, हातांचे कौशल्य दुसरे आणि अनुभवांची स्मृती तिसरीच, हे या एका रोग्याने जगाला शिकविले. आणि आपण काही शिकविले हे त्याला स्वतःला कधीच कळले नाही. २ डिसेंबर २००८ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी तो वारला. १९५७ पासून शास्त्रीय लेखांत केवळ आद्याक्षरांनी वावरणाऱ्या या माणसाचे पूर्ण नाव जगाला त्यानंतरच समजले.

या सर्वांतून एकोणिसाव्या शतकाचे सरसकट भय मागे पडले. अपस्माराचे असंख्य रोगी औषधाच्या आधाराने शिकतात, संसार करतात, जबाबदारीची कामे सांभाळतात, हे रोजच्या अनुभवाचे झाले. कायदा मात्र उलट्या दिशेने चालला होता. इंग्लंडच्या १९३७ च्या विवाहविषयक कायद्यात वेडाचे व अपस्माराचे झटके एकाच ओळीत घातलेले होते. इंग्लंडने ती ओळ पुढे काढून टाकली. भारताने १९७६ मध्ये हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती करून तशीच ओळ आपल्या पुस्तकात आणली. वारंवार अपस्मार होणाऱ्या वधूवराचा विवाह त्यामुळे कोर्टात रद्द ठरविता येऊ लागला. अपस्मार हा शब्द त्या कलमातून १९९९ मध्ये गळला. मधल्या तेवीस वर्षांत किती घरांत मुलीच्या गोळ्या धान्याच्या डब्यात लपविल्या गेल्या असतील, आणि सासरी गोळी चुकल्यामुळेच किती झटके आले असतील, याची नोंद कोणत्याच दप्तरात नाही.

अपस्मार आणि बुद्धिभ्रंश यांची अशी फारकत झाल्यावर त्यांची पुन्हा गाठ पडली, ती अनपेक्षित बाजूने. अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरचे नाव आज घरोघरी ठाऊक आहे, ते त्याने १९०६ मध्ये ट्युबिंगेन येथे सांगितलेल्या एका विसराळू स्त्रीच्या हकीकतीमुळे. पण त्याच अल्झायमरने १८९८ मध्ये अपस्मारी रोग्यांच्या मेंदूवरही लेख लिहिला होता. एकाच माणसाच्या सूक्ष्मदर्शकाखालून गेलेले हे दोन रोग शास्त्राने नंतर दोन निरनिराळ्या कपाटांत ठेवले. अल्झायमरच्या रोगात काहींना झटके येतात हे डॉक्टरांना माहीत होते. परंतु तो रोगाच्या शेवटच्या पडझडीचा भाग समजला जाई. २००७ मध्ये पालोप, मुके व त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्झायमरसारखा विकार निर्माण केलेल्या उंदरांच्या मेंदूतील विद्युत्प्रवाह नोंदला. उंदीर शांत बसलेले दिसत होते आणि आत मेंदूत फेफरे चालू होते. २०१७ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी अल्झायमरच्या दोन रोग्यांच्या मेंदूच्या तळाशी बारीक तारा पोहोचवून पाहिले. दोघांनाही पूर्वी कधी फेफरे आल्याचे कोणी पाहिलेले नव्हते. डोक्याच्या कातडीवर लावलेल्या नेहमीच्या यंत्राला काही दिसले नाही. हिप्पोकॅम्पसजवळच्या तारांना मात्र झोपेत येणारे मुके झटके सापडले.

तेव्हा सोमरचा जुना प्रश्न आज दोन्ही बाजूंनी खरा ठरत आहे. ज्या अमिलॉइड द्रव्याची पुटे अल्झायमरच्या मेंदूत साचतात, ते द्रव्य मज्जापेशी जितक्या अधिक खवळतात तितके अधिक पाझरते, हे २००५ मध्ये उंदरांत दिसून आले. आणि ते द्रव्य साचले की पेशी अधिकच खवळतात. टाऊ हे या रोगातील दुसरे द्रव्य. ते कमी केलेल्या उंदरांना झटके आणणारे विष दिले, तरी ते बरेच बचावतात. म्हणून उतारवयात पहिल्यांदाच फेफरे आले, किंवा विसराळू वृद्ध मधूनच काही क्षण शून्यात पाहून पुन्हा भानावर येऊ लागला, तर वयाचा दोष म्हणून ते सोडून देणे आता डॉक्टरांना मान्य नाही. तरुणपणी सुरू झालेल्या व औषधाने आटोक्यात राहिलेल्या अपस्माराला मात्र हेच माप लावणे म्हणजे साल्पेत्रिएरची चूक पुन्हा करणे होय.

या दिशेने उपचाराचा पहिला काळजीपूर्वक प्रयोग अमेरिकेत झाला व त्याचा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. अल्झायमरच्या ३४ रोग्यांवर लेव्हेटिरासिटाम हे अपस्मारावरचे नेहमीच्या वापरातील औषध अगदी लहान मात्रेत, १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चार आठवडे देऊन पाहिले. सर्व रोग्यांचा एकत्र हिशेब केला तर गुण आला नाही. परंतु त्यांपैकी ज्यांच्या मेंदूत अपस्मारासारखी विद्युत्‌चमक आधी नोंदली गेली होती, त्यांना जागा व वाटा लक्षात ठेवण्याच्या चाचण्या पूर्वीपेक्षा चांगल्या जमल्या.