१८५७ : दिल्लीच्या वेढ्यातला बाजार

१८५७ चा इतिहास आपण बहुधा तलवारीच्या पात्यावर वाचतो. मीरतहून आलेले शिपाई, लाल किल्ल्यातले वृद्ध बादशाह, काश्मिरी दरवाजावरचा हल्ला. आम्ही उर्दू शाळेत हा धडा शिकवतो तेव्हा मुलांच्या लक्षात एवढेच राहते. पण त्या चार महिन्यांत शहर आणि हजारो शिपाई रोज काय खात होते, पीठ कोण विकत होते आणि पैसे कोण देत होते? हा प्रश्न क्रमिक पुस्तकात येत नाही. आमच्या मते दिल्लीचे नशीब तटबंदीइतकेच या प्रश्नावर अवलंबून होते.

११ मे १८५७, म्हणजे रमजानची १६ तारीख. शिपाई शहरात शिरले, लूट सुरू झाली आणि बाजार बंद पडला. दोन-तीन दिवसांतच बहादूरशाह जफर स्वतः हत्तीवर बसून चांदनी चौकातून फिरले. दुकाने उघडा, असे त्यांचे सांगणे होते. ऐंशी ओलांडलेल्या बादशाहाच्या शब्दाला शहरात मान होता. पण सवारी किल्ल्यात परतली की दुकानदाराचे रक्षण करणारे कोणी उरत नसे.

८ जूनपासून इंग्रज फौज उत्तरेकडच्या टेकडीवर येऊन बसली. तिला आपण वेढा म्हणतो, पण शहर चारही बाजूंनी कोंडलेले नव्हते. दक्षिणेकडचे दरवाजे आणि यमुनेवरचा नावांचा पूल खुला होता. धान्य येऊ शकत होते. मग टंचाई का? एक तर आसपासच्या रस्त्यांवर मालाची लूट होई. दुसरे कारण शहराच्या आत होते. शिपायांना नियमित पगार नव्हता. ते माल उधारीवर नेत, नाहीतर जबरदस्तीने. शिपायाने पैसे दिले नाहीत की दुकानदार आडत्याला देऊ शकत नाही आणि आडत्या गाडीवाल्याला. दुकान तोफेच्या गोळ्याने बंद पडते तसेच बुडालेल्या उधारीनेही पडते.

हे सारे आम्ही कल्पनेने लिहीत नाही. बंडवाल्यांच्या राजवटीचे हजारो कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, बरेचसे शिकस्ता लिपीतल्या उर्दू-फारसीत. त्यांतल्या निवडक कागदांचे महमूद फारुकी यांनी केलेले इंग्रजी भाषांतर २०१० साली प्रसिद्ध झाले. त्यांत लढायांपेक्षा अर्ज जास्त भेटतात. शिपाई माल उचलून नेतात, अशी दुकानदारांची तक्रार. मोर्चावर शिधा, मजूर, भिश्ती पाठवा, असे कोतवालाला हुकूमावर हुकूम. मजुरांचे म्हणणे, आधी मजुरी द्या.

राजवट स्वस्थ बसली नव्हती. लष्करी आणि मुलकी कारभारासाठी दहा सभासदांचा जलसा नेमला गेला. सावकारांकडून कर्ज मागितले गेले. देत नाहीत म्हणून काहींना धरूनही आणले. १ ऑगस्टला बकरी ईद आली. बादशाहाने गोहत्येला बंदी केली आणि ती कसोशीने पाळली गेली. हिंदू-मुसलमान आपसात लढतील म्हणून टेकडीवरचे इंग्रज वाट पाहत होते. त्यांची निराशा झाली. म्हणजे हुकूम चालतच नव्हता असे नाही. जिथे लोकांची समजूत पुरेशी होती तिथे तो चालला, जिथे रोख पैसा लागत होता तिथे अडला.

टेकडीवर उलट स्थिती होती. तिथेही उन्हाळा आणि कॉलरा होता, पण अंबाला-कर्नालचा रस्ता पतियाळा आणि जिंदच्या संस्थानिकांनी राखला होता. पंजाब सरकारने सहा टक्के व्याजाने कर्ज उभारले. तिथे माल विकणाऱ्याला पैसे मिळण्याची खात्री होती.

१४ सप्टेंबरला हल्ला झाला, २१ तारखेला बादशाह कैद झाले. शहर रिकामे करण्यात आले. पुढे किल्ल्यासमोरचे उर्दू बाजार, खास बाजार, खानम का बाजार जमीनदोस्त झाले. गालिबच्या पत्रांत त्यांचा शोक आहे. फतेहपुरी मशीद १९,००० रुपयांना लाला चुन्नामल यांना विकली गेली आणि १८७७ मध्ये मुसलमानांना परत मिळाली.

आजही कोणी दिल्लीच्या वाण्याला गद्दार ठरवतो, कोणी शिपायाला लुटारू. कागद वाचले की दोन्ही निवाडे घाईचे वाटतात. उपाशी शिपाई आणि नागवला गेलेला दुकानदार एकाच बादशाहाकडे दाद मागत होते, आणि बादशाहाची तिजोरी रिकामी होती. त्या अर्जांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, आणि त्यांची गाऱ्हाणी सारखीच आहेत. आपल्या मुलांना शहीदांची नावे शिकवावीतच, पण त्यांच्याबरोबर हे अर्जही वाचायला द्यावेत. ते ज्या भाषेत आहेत ती भाषा आमच्या वर्गात अजून शिकवली जाते.