नाचणारा देव आणि पायाखालचा माणूस

काही वर्षांपूर्वी इतिहासाच्या विद्यार्थ्यांची सहल घेऊन मी चेन्नईच्या एग्मोर संग्रहालयात गेलो होतो. कांस्यदालनात तिरुवालंगाडूच्या नटराजापुढे उभे राहून वाटाड्या 'विश्वनृत्य', 'सृष्टी', 'संहार' असे पाठ केलेले शब्द उच्चारीत होता. आमचा एक विद्यार्थी, ऊसतोड कामगाराचा मुलगा, मध्येच म्हणाला, ''सर, पायाखाली कोण आहे तो?'' वाटाड्याने 'अज्ञान' असे एका शब्दात उत्तर दिले आणि तो पुढच्या मूर्तीकडे वळला.

पायाखालच्या त्या बुटक्याला अपस्मार म्हणतात, तमिळमध्ये मुयलकन. शैव परंपरा त्याला अज्ञानाचे प्रतीक मानते. आपल्यातील काही मित्र तो जिंकलेला मूलनिवासीच असे ठासून सांगतात. मला ते मान्य नाही. पुराव्याशिवाय बोलायचे असेल तर त्यांच्यात आणि पुराणिकांत फरक काय राहिला? पण त्या मुलाचा प्रश्न मूर्तिशास्त्राचा नव्हताच. ही मूर्ती कोणाच्या श्रमावर, कोणाला दूर ठेवून उभी आहे, असे तो विचारीत होता. आणि त्या प्रश्नाला पुरावा आहे.

तंजावरच्या राजराजाने अकराव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या बृहदीश्वराच्या भिंतींवर शिलालेख आहेत. राजाने, त्याची बहीण कुंदवै हिने, राण्यांनी आणि अधिकाऱ्यांनी देवळाला दिलेल्या धातुमूर्तींची त्यांत यादी आहे. प्रत्येक मूर्तीची उंची हात आणि बोटांच्या मापाने नोंदली आहे. नाचणाऱ्या देवाचे तेथील नाव 'आडवल्लान', म्हणजे नृत्यात निपुण. हेच नाव देवळातील वजनाच्या दगडालाही होते! त्याच भिंतींवर 400 नाचणाऱ्या स्त्रियांची नोंद आहे. इतर देवळांतून आणून त्यांना देवळाभोवतीच्या रस्त्यांवर घरे दिली. प्रत्येकीचे नाव, ती कोणत्या देवळातून आली ते, आणि वर्षाला 100 कलम भाताचा वाटा असे सारे लिहिलेले आहे. आणि त्याच लेखांत, देवळाला लावून दिलेल्या गावांची करपात्र जमीन मोजताना काही जागा वजा केल्या आहेत: गावठाण, तळी, पाट, स्मशान, कम्माळांची म्हणजे कारागिरांची वस्ती आणि 'परैच्चेरी', म्हणजे परैयरांचा वाडा. एका भिंतीवर देव, नर्तकी, कारागीर आणि महारवाडा! देव हात-बोटांनी मोजला गेला; परैयर जमिनीच्या वजावटीत उरला. मूर्ती कोणी दिली ते कोरले आहे. कोणी ओतली ते कोरण्याची गरज कोणाला वाटली नाही.

ओतण्याचे काम सोपे नव्हे. मेणात राळ मिसळून आधी सबंध आकृती घडवावयाची; पसरलेल्या जटा, उचललेला पाय, बोटांची मुद्रा, सारे मेणात. त्यावर नदीच्या गाळाच्या बारीक मातीचे लेप. मग साचा तापवून मेण वाहू द्यावयाचे आणि त्या पोकळीत तांब्याचा वितळलेला मिश्र रस ओतावयाचा. शेवटी साचा फोडावाच लागतो. म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती निघते. कावेरीकाठच्या स्वामीमलैला स्थपती आजही असेच काम करतात. 2023 मध्ये जी-20 परिषदेसाठी दिल्लीच्या भारत मंडपमपुढे जो 27 फुटी नटराज उभा राहिला, तो त्यांचाच. आणि 'एका साच्यात एकच' हीच गोष्ट संग्राहकाच्या बाजारात किंमत बनते.

हा बाजार विसाव्या शतकात फुगला. आनंद कुमारस्वामींचे 'शिवाचे नृत्य' हे पुस्तक 1918 साली आले. फ्रेंच शिल्पकार रोदँने तर मद्रासच्या मूर्तींची नुसती छायाचित्रे पाहून स्तुतिपर लिहिले. युरोप-अमेरिकेच्या दिवाणखान्यांना नाचणारा देव हवा झाला. देव हवा झाला, तशी त्याची चोरीही होऊ लागली.

शिवपुरम्‌चे उदाहरण मला फार बोलके वाटते. तेथे 1951 साली जमीन खणताना नटराज सापडला. पूजेसाठी तो देवळाकडे गेला, पुढे दुरुस्तीसाठी स्थपतीकडे. आणि परत आली ती नक्कल. मूळ मूर्ती मुंबईच्या एका खाजगी संग्रहात असल्याचे ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट यांनी 1965 मध्ये लिहिले, तेव्हा हे उघड झाले. तेथून ती न्यूयॉर्कला गेली, आणि नॉर्टन सायमन प्रतिष्ठानाने सुमारे 9 लाख डॉलरला घेतली. तडजोड होऊन 1986 साली ती भारतात परतली. मधल्या वर्षांत शिवपुरम्‌ला नकलेचीच पूजा चालू होती, आणि पावित्र्यात काही उणे पडल्याचे कोणा पुजाऱ्याच्या ध्यानात आले नाही. खऱ्या मूर्तीला दलाल, हमाल, गिऱ्हाईक सर्वांचे हात लागले. विटाळ मात्र शतकानुशतके एकाच वस्तीचा होता.

नंदनाराची कथा येथे आठवते. बाराव्या शतकातील 'पेरियपुराणम्' सांगते की, तो अस्पृश्य जातीचा. देवळाच्या नगाऱ्यांसाठी चामडे आणि वीणेसाठी तात पुरविणारा. चिदंबरमच्या नटराजाचे दर्शन 'उद्या घेईन' म्हणत त्याचे आयुष्य गेले. शेवटी तो अग्नीत शिरला आणि जानवे घातलेला ब्राह्मण होऊन बाहेर आला, तेव्हा त्याला आत जाता आले. ज्याच्या चामड्यावर देव नाचला त्याला देव पाहण्यासाठी जळावे लागले, आणि जळूनही परैयर म्हणून नव्हेच. बाबासाहेबांनी 1948 साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. मद्रास प्रांतात देवळे कायद्याने खुली झाली ती 1947 मध्ये.

आता पत्तूरकडे पाहा. 1976 साली तेथील एका भूमिहीन मजुराला खणताना नटराज सापडला. त्याने तो अल्प मोलाने विकला. दलालांच्या साखळीतून लंडनला पोचलेली ती मूर्ती 1982 मध्ये एका कॅनेडियन कंपनीने अडीच लाख पौंडांना घेतली. खटला झाला; पडक्या देवळाला आपल्या मूर्तीवर हक्क सांगता येतो हे इंग्लंडच्या न्यायालयांनी मान्य केले, आणि 1991 मध्ये मूर्ती परतली. देव वादी होऊ शकतो, याचे वर्तमानपत्रांना केवढे कौतुक! पण आपल्याकडे 1878 चा निखात निधी कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले तर कलेक्टरला कळवावे, आणि दुसरा मालक पुढे न आल्यास, वेगळा करार नसेल तर, तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला व उरलेले जमीनमालकाला मिळावे, असे तो म्हणतो. हा कायदा त्या मजुरापर्यंत कोणी नेला होता? कचेरीच्या पायरीवर ज्याला हटकतात, तो तेथे देव घेऊन कसा जाईल? माझे वडील सात-बाराच्या उताऱ्यासाठी तलाठ्याकडे जातानासुद्धा शेजारच्या शिकलेल्याला बरोबर घेत.

मूर्ती परत याव्यात, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. श्रीपुरंदानचा नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने 2008 साली 50 लाखांहून अधिक डॉलर मोजून घेतला व 2014 मध्ये परत केला, तेव्हा मलाही आनंद झाला. पण 'आपला वारसा' म्हणताना त्या 'आपला'त कोण बसते, हे विचारावे लागते. सदिर नाचणाऱ्या घराण्यांची कला 1930 नंतर उच्चवर्णीयांच्या रंगमंचावर 'भरतनाट्यम' होऊन गेली. रंगमंचाच्या कोपऱ्यात नटराज आला आणि त्या घराण्यांतील बायका मागे पडल्या. देवदासी प्रथा जावयासच हवी होती. तिच्याबरोबर त्यांची विद्याही काढून घेण्याचे मात्र कारण नव्हते.

तिरुवालंगाडूच्या कथेत शिव एक पाय सरळ डोक्यापर्यंत उचलतो. हा नाच कमी, डोंबाऱ्याचा खेळ अधिक. आमच्या गावच्या बाजारात डोंबाऱ्याची पोर तोच पाय दोरीवर तोल सांभाळीत उचलायची, खाली तिचा बाप ढोलके वाजवायचा. 1959 च्या मुंबईच्या भीक प्रतिबंधक कायद्याने रस्त्यावर गाऊन, नाचून, खेळ करून पैसे मागणे हीसुद्धा भीक ठरविली. ब्राँझच्या पायाला काचेची पेटी. हाडामांसाच्या पायाला पोलिसाची गाडी.

त्या मुलाला मी तेव्हा एवढे सारे सांगू शकलो नाही. परत आल्यावर हुल्ट्झ यांनी संपादित केलेल्या 'साउथ इंडियन इन्स्क्रिप्शन्स'च्या दुसऱ्या खंडातील तंजावरचे लेख आम्ही दोघांनी मिळून वाचले. मूळ लेख तमिळमध्ये आहेत, सोबत इंग्रजी भाषांतर आहे. मराठीत ते यावयास हवेत. आम्ही वजा केलेल्या जमिनींच्या नोंदींपासून सुरुवात केली आहे.