कचेरीच्या दप्तरातील नावे

मराठी साहित्याच्या अभ्यासात बखर, पोवाडा, संतचरित्र यांना इतिहासाची साधने म्हणून मान मिळाला आहे. जिल्हा कचेरीतील कागदाला तो अद्याप पुरेसा मिळालेला नाही. कचेरी म्हटली की डोळ्यांसमोर येतात ते दाखल्यांसाठी ताटकळणारे लोक, मुद्रांकविक्रेते आणि रुमालात बांधलेली दप्तरे. परंतु राजा, संत किंवा कवी नसलेल्या मराठी माणसाचे नाव मोठ्या प्रमाणावर जर कोठे लिहिले गेले असेल, तर ते याच दप्तरांत. म्हणून या लेखात आम्ही एवढाच प्रश्न विचारणार आहोत : कचेरीने कोणाचे नाव लिहिले, कोणाचे गाळले आणि त्यामुळे काय घडले? त्यासाठी तीन प्रकारच्या नोंदी पाहू : जमिनीच्या, जिल्हावर्णनाच्या आणि मतदारांच्या.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि दख्खनच्या जिंकलेल्या मुलखाची व्यवस्था माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्याकडे आली. पुणे, अहमदनगर, खानदेश व धारवाड येथे जिल्ह्यांचा कारभार इंग्रज अधिकाऱ्यांकडे सोपविण्यात आला. गावचा हिशेब कुलकर्णी पूर्वीपासूनच मोडीत लिहीत होता. नवी होती ती प्रत्येक शेताची स्वतंत्र मोजणी. प्रिंगल यांची पहिली पाहणी फसली. आकारणी इतकी जड होती की इंदापूर भागातील रयत जमिनी टाकून गेली. पुढे १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यातच नव्याने काम आरंभले. प्रत्येक शेताला क्रमांक मिळाला आणि क्रमांकापुढे सारा भरणाऱ्याचे नाव आले.

नाव कागदावर आले म्हणून माणूस सुरक्षित झाला, असे मात्र नाही. जमीन कोणाची हे निश्चित झाल्यावर ती गहाण टाकणेही सोपे झाले. शेतकऱ्याचे नाव सावकाराच्या कर्जरोख्यावर चढले आणि तो रोखा वाचण्याची विद्या त्याच्यापाशी नव्हती. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे जो उठाव झाला, त्याकडे साहित्याच्या अभ्यासकांनी मुद्दाम पाहावे. तेथून आसपासच्या गावांत पसरलेल्या त्या दंग्यांत जमावाचा रोख मुख्यतः कागदांवर होता. खतपत्रे हिसकावून ती जाळण्यात आली. ज्यांना अक्षर येत नव्हते, त्यांनी अक्षराची सत्ता अचूक ओळखली होती. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आणला. त्यानंतर चारच वर्षांनी जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण झाला. त्यातील कचेरीचे, तेथील भट कारकुनांचे आणि शेतकऱ्याच्या नागवणुकीचे चित्र या पार्श्वभूमीवर वाचले, तर तो ग्रंथ केवळ आवेशाचा नसून कागदाच्या व्यवहाराचे बारकाईने केलेले परीक्षण आहे, हे ध्यानात येते.

मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदीची पद्धत आली. आजचा ‘सातबारा’ हा गाव नमुना सात, म्हणजे अधिकार अभिलेख, आणि गाव नमुना बारा, म्हणजे पिकांची नोंदवही, या दोहोंचा जोड आहे. एका कारकुनी नमुन्याचा क्रमांक भाषेत इतका खोल रुजावा, याला दुसरे उदाहरण सहज सापडणार नाही. सातबाऱ्यावर नाव ‘लागते’, ‘चढते’ किंवा ‘कमी होते’. कर्ज फिटले की सातबारा ‘कोरा’ होतो. या क्रियापदांमागे घराण्यांचे भवितव्य आहे. १९४८ च्या कूळकायद्याची पुढील दुरुस्ती अमलात आली, तेव्हा १ एप्रिल १९५७ या ‘कृषक दिनी’ कसणारे कूळ जमिनीचे खरेदीदार मानले गेले. ज्यांची वहिवाट कागदावर होती, त्यांना हा हक्क बजावता आला. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसली पण ज्यांचे नाव नोंदीत नव्हते, त्यांच्यावर आपण कूळ आहोत हे सिद्ध करण्याचा भार पडला.

दुसरी नोंद जिल्ह्याच्या वर्णनाची. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली मुंबई इलाख्याचे गॅझेटिअर तयार झाले. रत्नागिरीचा खंड १८८० मध्ये, पुणे आणि सातारा यांचे १८८५ मध्ये निघाले. स्थानिक इतिहास लिहिणारा आजचा प्रत्येक लेखक कळत-नकळत या खंडांचा ऋणी आहे. रा. गो. भांडारकर यांचा दख्खनचा प्राचीन इतिहासही याच योजनेसाठी लिहिला गेला. तथापि या खंडांत सामान्य माणूस येतो तो जातीचा नमुना म्हणून. अमुक जातीचे लोक काय खातात, कसे राहतात, लग्नविधी कसा करतात, हे तेथे तपशिलाने आहे. माणसाला नाव मात्र नाही. नाव राज्यकर्त्याला आहे, देवालयाला आहे, किल्ल्याला आहे. शिवाय ग्रंथ इंग्रजीत असल्याने ज्यांचे वर्णन केले, त्यांतील बहुतेकांना ते वाचता येणार नव्हते. १९१५ मध्ये त्रिं. ना. आत्रे यांचा ‘गावगाडा’ मराठीत आला, त्याचे महत्त्व येथे आहे. ज्या गावांविषयी लिहायचे त्यांच्याच भाषेत, कारभाराच्या जवळच्या माहितीतून सिद्ध झालेला तो ग्रंथ आहे. त्याची दृष्टीही त्या काळाची आणि आपल्या वर्गाची आहे, हे वाचताना विसरून चालणार नाही.

तिसरी नोंद मतदार यादीची. तिचा उगम बराचसा पहिल्या नोंदीत आहे. १९१९ च्या सुधारणांनुसार ग्रामीण भागात मताचा अधिकार मुख्यतः ठरावीक साऱ्याच्या जमिनीवर अवलंबून होता. म्हणजे जमिनीच्या कागदावर जो नव्हता, तो मतदारांतही सहसा नव्हता. मुंबई इलाख्यात १९२१ मध्ये स्त्रियांना मत मिळाले, तेही मालमत्तेच्या अटींसह. १९३५ च्या कायद्याने मतदार वाढले, अटी राहिल्याच. प्रौढ मताधिकाराने १९५१-५२ च्या निवडणुकीत हे नाते तोडले. सुमारे १७ कोटी मतदारांच्या याद्या झाल्या. भूमिहीन शेतमजुराचे नाव जमीनदाराच्याच यादीत, त्याच आकाराच्या अक्षरांत लिहिले गेले. आमच्या मते कचेरीच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी घटना होय : प्रथमच नाव लिहिण्यासाठी केवळ माणूस असणे, सज्ञान असणे आणि येथील नागरिक असणे एवढे पुरेसे ठरले.

तरीही एक उणीव राहिली. अनेक स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची मुलगी अशी ओळख दिली. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी स्वीकारल्या नाहीत आणि सुमारे २८ लाख स्त्रिया यादीबाहेर राहिल्या. त्यांतील बहुसंख्य बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थान या भागांतील होत्या. पण नावाचा प्रश्न महाराष्ट्रालाही परका नाही. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेने पत्नीच्या नावे जमीन करण्याचा आग्रह धरला, तो याच प्रश्नाला भिडणारा होता. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदांत आईचे नाव बंधनकारक करण्याचा राज्याचा निर्णयही त्याच मार्गावरचा आहे.

आता सातबारा संगणकावर मिळतो. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने ठरावीक मुदतीत सेवा मिळणे हा नागरिकाचा अधिकार झाला आहे. अर्जदार मेहेरबानीचा याचक उरलेला नाही, निदान कायद्याच्या भाषेत तरी. पण जुन्या दप्तरांचे काय? २०२३ मध्ये मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा मोडी आणि उर्दू कागद वाचणाऱ्यांची निकड सर्वांना एकाएकी जाणवली. आरक्षणाच्या वादात कोणाची बाजू काहीही असो, एका गोष्टीविषयी दुमत नसावे. पूर्वजांची नावे ज्या लिपीत आहेत ती लिपी आपल्याला वाचता येत नाही, ही स्थिती सुप्याच्या शेतकऱ्याच्या स्थितीहून फार वेगळी नाही. कागद आपल्याविषयी आहे आणि त्याचा अर्थ दुसऱ्याने सांगायचा आहे.

येथे मराठीच्या विभागांचे काम सुरू होते. मोडीचे वाचन हे केवळ इतिहास संशोधकांचे कौशल्य न राहता मराठी एम.ए.च्या विद्यार्थ्याच्या तयारीचा भाग व्हावे. आपल्या तालुक्यातील एखाद्या गावाचे जुने फेरफार, गॅझेटिअरमधील त्या परिसराचे वर्णन आणि पहिल्या निवडणुकांच्या काळातील मतदार यादी यांपैकी जे उपलब्ध होईल, ते शेजारी ठेवून वाचावे. कोणत्या नोंदीत कोण आहे आणि कोण नाही, एवढे जरी विद्यार्थ्याने मांडले, तरी त्या गावाच्या इतिहासाचा पहिला प्रामाणिक मसुदा त्याच्या हाती येईल.