वरून काहीच दिसत नाही

रात्रीचे अडीच वाजले होते. ऑन-कॉलचा माझा आठवडा होता. आमच्या एका सर्व्हिसमध्ये काहीतरी बिनसलं होतं. ग्राहकांच्या तक्रारी येत होत्या, पण डॅशबोर्ड मात्र हिरवागार. लॉगमध्ये एरर म्हणून एक ओळ नाही. रीस्टार्ट करून वाट बघत बसलो, फोन हातात घेतला, आणि यूट्यूबने का कोण जाणे इंग्लंडमधल्या कुठल्याशा तळ्याच्या तळाशी ठेवलेल्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ समोर आणला.

हिरवट पाणी. वरून जाळीची एक छोटी डबी आली आणि चिखलावर टेकली. तिच्यातून पावाचा चुरा हळूहळू सुटायला लागला, धुरासारखा. थोड्या वेळाने ब्रीम जातीचे चपटे, ताटाएवढे मासे आले. डोकं खाली, शेपूट वर, असे तिरके होऊन ते चुरा टिपायला लागले. एकाने गळाला लावलेला मक्याचा दाणा तोंडात ओढला. क्षणभर थांबला. आणि फू करून बाहेर टाकला. मग दुसऱ्याने तेच केलं. व्हिडिओच्या कोपऱ्यात काठावरच्या रॉडचं टोक दाखवलं होतं. ते हललंसुद्धा नाही.

मी ताठ बसलो. हा तर माझाच डॅशबोर्ड होता.

त्या रात्रीपासून मी या प्रकाराचा इतिहास वाचतोय. या पद्धतीला म्हणतात फीडर फिशिंग. तिची कल्पना सोपी आहे. गळाला लावतो ते आमिष. पण एकटं आमिष एवढ्या मोठ्या पाण्यात माशाला सापडणार कसं? म्हणून आधी आजूबाजूला चारा टाकायचा, मासे जमवायचे. फीडर म्हणजे हा चारा गळासोबतच पाण्यात पाठवणारी, वजन लावलेली डबी. चारा जिथे पडेल, आमिष तिथेच असेल, याची सोय.

हे वाचताना मला सांगलीचा मामा आठवत राहिला. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो मला कृष्णेवर घेऊन जायचा. कणीक आणि शेंगदाण्याची पेंड मळून तो लाडवासारखे गोळे करायचा, चांगले दाबून, आणि बसायचो तिथून आठ-दहा हात वर, प्रवाहाच्या वरच्या अंगाला फेकायचा. मी विचारायचो, "मामा, आपण इथं बसलोय आणि तू तिथं का टाकतोस?" तो म्हणायचा, "पाण्यालाच कामाला लाव की. ते आणून देतंय." मला वाटायचं, मामाचा नेम चुकतो आणि तो सारवासारव करतो.

आयझॅक वॉल्टनचं ‘द कम्प्लीट अँगलर’ १६५३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालं. पुढची वीसेक वर्षं तो त्यात भर घालत राहिला. ब्रीम मासा कसा पकडावा, हे सांगताना तो भिजवलेल्या माल्टचे, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचे, गोळे करायला सांगतो. गोळा हातात इतका घट्ट दाबा की पाण्यातून खाली जाताना तो फुटता कामा नये. आणि पाणी वाहतं असेल तर जिथे गळ आहे त्याच्या थोडं वर फेका. म्हणजे मामाचा नेम चुकत नव्हता. वॉल्टनचं नावही न ऐकता तो त्याच निष्कर्षाला पोचला होता, कारण पाणी दोघांनाही तेच शिकवत होतं.

आपल्याकडे ही विद्या त्याहूनही जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ साधारण ११२९ सालचा. राजाने करमणूक कशी करावी, या भागात त्यात ‘मत्स्यविनोद’ असं प्रकरण आहे. पस्तीस प्रकारचे मासे, ते राहतात कुठे, त्यांना काय खाऊ घालावं, गळाची दोरी कशाची करावी, हे सगळं त्यात येतं. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणावर शोधनिबंध लिहिला आणि मासेमारीच्या इतिहासात त्याला त्याची जागा मिळवून दिली. आधी खाऊ घाला, मग गळ टाका, हे तत्त्व राजाच्या दरबारात पोचून नऊशे वर्षं होत आली.

पण सोमेश्वर काय, वॉल्टन काय आणि मामा काय, सगळे वरून अंदाज करत होते. गोळा पाण्यात शिरला की दिसेनासा होतो. पुढे काय होतं, हे गळाला लागलेल्या किंवा न लागलेल्या माशावरून ओळखायचं. आउटपुटवरून कोड ओळखण्यासारखं.

खाली डोकावून बघायचा नेटाने प्रयत्न करणाऱ्यांपैकी माझा लाडका माणूस म्हणजे आल्फ्रेड रोनाल्ड्स. स्टॅफर्डशायरमधल्या ब्लाइथ नदीच्या काठावर त्याने एक छोटी झोपडी बांधली आणि तिच्यातून ट्राउट माशांवर नजर ठेवली. त्याचं पुस्तक १८३६ सालचं. माशांना ऐकू येतं का, हे बघायला त्याने बंदुकीचे बार काढले, मासे ढिम्म. चव कळते का, हे बघायला माश्यांना मोहरी आणि तिखट फासून त्या पाण्यावर सोडल्या. ट्राउटने त्याही खाल्ल्या. निष्कर्ष बरोबर की चूक हा वेगळा प्रश्न. मासे बहिरे नसतात, हे आज आपल्याला माहीत आहे. हवेतला आवाज पाण्यात फारसा शिरत नाही, एवढंच. पण "असं म्हणतात" ऐवजी "मी बघितलं" असं लिहिणारा हा माणूस मला आपल्यातला वाटतो. १९११ मध्ये फ्रान्सिस वॉर्डने पाण्याखालच्या काचेच्या खिडकीतून माशांचे फोटो काढून पुस्तक केलं. रोनाल्ड्स पाण्याबाहेरून आत बघत होता. वॉर्डची खिडकी पाण्याच्या आतच होती.

विसाव्या शतकाच्या मध्यावर या गोष्टीत एक इंजिनिअर येतो. रिचर्ड वॉकर. १३ सप्टेंबर १९५२ ला हर्टफर्डशायर नव्हे, हेरफर्डशायरमधल्या रेडमायर तळ्यात त्याने ४४ पौंडांचा, म्हणजे सुमारे वीस किलोंचा कार्प पकडला आणि तो जिवंत लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पाठवून दिला. तिथे तो कित्येक वर्षं जगला. पण मला त्याच्या रेकॉर्डपेक्षा त्याच्या उपकरणांत रस आहे. रात्री रॉडचं टोक दिसत नाही, म्हणून त्याने विजेवर चालणारा अलार्म बनवला: दोरी ओढली गेली की सर्किट पुरं होतं आणि बझर वाजतो. आर्लसी तळ्यातले मोठे पर्च मासे लांब, खोल पाण्यात होते. तिथवर साधं वजन फेकताना दोरीला पीळ पडायचा. म्हणून त्याने नाशपातीच्या आकाराचं, टोकाला फिरकी असलेलं शिशाचं वजन घडवलं. त्याला आजही आर्लसी बॉम्ब म्हणतात. लांबवर वजन अचूक टाकता आलं की पुढचा विचार ओघानेच येतो: नुसतं वजनच का पाठवायचं, सोबत चाराही का नको?

१९७० च्या दशकात सेव्हर्नसारख्या नद्यांवर फीडरचा बोलबाला झाला. मग जसं पाणी, तशी डबी. दोन्ही टोकांना उघडी, जाळीची डबी चुऱ्यासाठी. दोन्ही टोकं बंद आणि अंगाला भोकं असलेली डबी जिवंत अळ्यांसाठी. त्या आपल्या आपण वळवळत बाहेर येतात. पुढे १९९० च्या दशकात मेथड फीडर लोकप्रिय झाला: चपट्या साच्यावर चारा थापायचा आणि गळ त्याच्यातच दडवायचा.

यातलं पदार्थविज्ञान मला सगळ्यात जास्त आवडतं. चारा कोरडा असेल, तर डबी पडतानाच पाणी तिच्यात घुसतं आणि चुरा वाटेतच फुटतो. चार मीटर खोल पाण्यात त्याचा ढग मधल्या थरात तरंगत राहतो. मासेही वर येतात आणि तळावरच्या गळाकडे कुणी फिरकत नाही. जास्त भिजवला, तर उलटं: डबी तळाला जाते, पण चारा आतच चिकटून बसतो. मूठ वळली तर गोळा व्हावा आणि बोटाने टिचकी मारली तर फुटावा, इतपतच ओल हवी. भाकरीचं पीठ मळणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

नदीत आणखी एक खेळ असतो. प्रवाह डबीला ढकलतो त्याहून जास्त दोरीला ढकलतो, कारण पाण्यातली दोरी लांबलचक असते. दोरीला धनुष्यासारखा बाक येतो. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की दाब सुमारे चौपट होतो. म्हणून नदीवर रॉड उभा ठेवतात: जितकी दोरी पाण्याबाहेर, तितका ताण कमी. आणि वजन मुद्दाम जेमतेम ठेवतात, डबी कशीबशी तळ धरून राहील इतकंच. माशाने गळ ओढला की डबी सुटते, दोरी ढिली पडते आणि वाकलेलं टोक एकदम सरळ होतं. मासा लागल्याची खूण म्हणजे टोक वाकणं नव्हे, सरळ होणं. मधल्या वेळात चुरा प्रवाहाबरोबर खाली वाहत असतो, आणि गळाची छोटी दोरीही त्याच दिशेला लोळत असते. वासामागे वर येणाऱ्या माशाला डबीच्या आधी आमिष भेटतं. पाणी आणून देतंय.

मग त्या व्हिडिओतला मासा दाणा थुंकत का होता? कार्प कुळातले मासे चावत नाहीत, ओढतात. तोंड झटक्यात उघडलं की पाणी आत येतं आणि पाण्याबरोबर दाणा. सुटा दाणा हलका असतो, चटकन येतो. गळाचा दाणा लोखंडाने जड झालेला असतो, दोरीने बांधलेला असतो; तो वेगळा वागतो. माशाला तो फरक कळतो. १९७० च्या दशकाच्या शेवटी लेन मिडलटन आणि केविन मॅडॉक्स या दोघांनी टाकीत कार्प ठेवून हे बघितलं. त्यांनी आमिष गळाला टोचायचं सोडून दिलं आणि गळापासून केसाच्या अंतरावर लोंबतं ठेवलं. सुरुवातीला खरोखरचा माणसाचा केस वापरला. आमिष मोकळं वागलं, मासा फसला. या जुळणीला आजही हेअर रिग म्हणतात. काठावर बसून तीनशे वर्षं जे कळलं नव्हतं, ते एका काचेच्या टाकीने दाखवलं.

इथवर ही गोष्ट मजेची आहे. पण खाली आणखी काहीतरी चाललं होतं, आणि तिकडे कुणी कॅमेरा लावला नव्हता.

दोरीवर शिशाचे छोटे छरे दाबून बसवायची पद्धत जुनी. दोरी तुटते, छरे पडतात, काठावर सांडतात. एवढासा छरा, कोण शोधत बसणार? पण हंसाला दात नसतात. अन्न दळायला तो बारीक खडे गिळतो आणि ते त्याच्या पोटातल्या जात्यात राहतात. छरा आणि खडा त्याला सारखाच. पोटात शिसं झिजतं, रक्तात उतरतं, स्नायू लुळे पडतात. मान उभी राहत नाही, घास खाली उतरत नाही. समोर अन्न असून हंस उपाशी मरतो. थेम्स नदीवर दर जुलैत राजघराण्याच्या वतीने हंसांची मोजणी होते. १९८५ साली लंडन ते हेन्ली या पट्ट्यात हंसांच्या फक्त सात जोड्या उरल्या होत्या. १ जानेवारी १९८७ पासून ब्रिटनने ०.०६ ग्रॅम ते २८.३५ ग्रॅम, म्हणजे एक औंसापर्यंतच्या शिशाच्या वजनांची विक्री बंद केली. त्यांच्या जागी टंगस्टन, कथील, पोलाद आलं. पुढच्या काळात हंस पुन्हा वाढले.

हे वाचताना मला मामाचे दात दिसले. दोरीत शिशाचा मणी ओवून तो दाढेखाली दाबायचा. पक्कड कशाला, म्हणायचा. दोन-तीनदा मीही दाबून दिलाय. मला तेव्हा फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं.

त्या रात्रीचा बग पहाटे सापडला. एका फंक्शनमध्ये एरर आली की ती पकडून, कुठेही न लिहिता, सोडून दिली जात होती. वर सगळं हिरवं. ती ओळ दोन वर्षांपूर्वी मीच लिहिली होती, "नंतर बघू" म्हणून.

दुसऱ्या दिवशी मामाला तो व्हिडिओ पाठवला आणि फोन केला. थुंकणाऱ्या माशाला तो पोट धरून हसला. "म्हणजे इतकी वर्षं हे खालनं मला वेडा बनवत हुते!" मग मी हंसांचं सांगितलं, शिशाचं सांगितलं, दाढेचं सांगितलं. तो जरा वेळ गप्प झाला. म्हणाला, "आपल्या घाटाखाली माझंच किलोभर असंल बघ." मी म्हटलं, लोखंडी नट लाव, तोही बुडतो. "लावतो की," तो म्हणाला. "पण घरात डबा भरून शिसं पडलंय. त्याचं काय करू? नदीत तर टाकायचं नाही म्हणतोस."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो डबा सध्या त्याच्या माळ्यावर आहे, झाकण घट्ट लावून. दिवाळीत गेलो की पुण्याला घेऊन येणार आहे.