एक स्कॉर्पिओ, दोन स्कॉर्पिओ

नाशिकच्या महिंद्र कारखान्यात २००२ पासून तयार होऊ लागलेल्या ‘स्कॉर्पिओ’चे इंग्रजी अनेकवचन करताना नावाला केवळ ‘एस’ जोडावा. फलकांवर सर्रास दिसणारा अपॉस्ट्रॉफी षष्ठीचा, अनेकवचनाचा नव्हे. ‘झेरॉक्स’ला ‘ईएस’ लागतो. व्यापारचिन्ह जपणाऱ्या कंपन्यांना मात्र हेही रुचत नाही. नाव विशेषणासारखेच वापरावे, असा त्यांचा आग्रह. कारण ते सामान्यनाम झाले, की हक्क जाऊ शकतो. अमेरिकेत ‘एस्केलेटर’वरील ओटिस कंपनीचा हक्क १९५० मध्ये असाच गेला.

मराठीत हा ‘एस’ आणूच नये. वचन क्रियापदातून कळते : स्कॉर्पिओ आली, स्कॉर्पिओ आल्या. येथे लिंग गाडीचे. ‘झेरॉक्स काढल्या’मध्ये प्रतीचे. विभक्ती लागताना मात्र अनुस्वार हवा : ‘दोन स्कॉर्पिओंची टक्कर’.