यंत्रमानव आणि वेठ

'यंत्रमानव' हा शब्द आपल्या मुलाबाळांच्या तोंडी इतका रुळला आहे की, त्यामागे काही इतिहास असेल अशी शंकाही कोणास येत नाही. विज्ञानकथांतील हे लोखंडी गडी खाणी खोदतात, ओझी वाहतात, परग्रहांवर वसाहती उभारतात. ते थकत नाहीत, मजुरी मागत नाहीत आणि उलट उत्तर देत नाहीत. मराठीने त्यांना दिलेले नाव सुबक खरे. परंतु मूळ शब्दातील एक अर्थ त्यात हरवला. भंडारा जिल्ह्यातील जुन्या शेतकऱ्याला तो अर्थ मात्र चटकन कळला असता.

'रोबो' हा शब्द जगापुढे आणला तो चेक लेखक कारेल चापेक यांनी, 1920 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'आर. यू. आर.' या नाटकातून. शब्द सुचविला त्यांचे चित्रकार बंधू योसेफ यांनी. चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे वेठ. जमीनदाराच्या शेतावर कुळाने सक्तीने करावयाचे काम. बोहेमियातील शेतकऱ्यांच्या उठावानंतर 1775 साली सम्राज्ञी मारिया थेरेसा हिने ही वेठ आठवड्यातून जास्तीत जास्त तीन दिवसांवर आणली आणि 1848 साली ती कायद्याने संपली. आपल्या 'राबणे' या क्रियापदाशी या शब्दाचा उच्चार जुळतो. हे नाते व्युत्पत्तीचे म्हणता येणार नाही. अर्थाचे मात्र खचितच आहे.

आमचा भंडारा जिल्हा पूर्वी मध्य प्रांतात होता. येथे मालगुजारी होती आणि मालगुजाराच्या घरच्या शेतीवर रयतेने राबावे ही रूढीही होती. आज ज्यांना आपण 'मामा तलाव' म्हणतो ते माजी मालगुजारी तलाव त्या काळाची आठवण देतात. पाण्याचे ते वैभव खरे. पण त्यांची माती उपसणाऱ्या हातांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. मालगुजारी 1951 साली संपुष्टात आली. त्याआधीच, 1950 साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या 23व्या कलमाने वेठबिगारीस बंदी केली होती. तरीही कर्जफेडीच्या निमित्ताने माणसे देशभर बांधलेलीच राहिली आणि 1976 साली वेठबिगार निर्मूलनाचा वेगळा कायदा करावा लागला. बोहेमियात जे 1848 साली घडले, ते आपल्याकडे कागदावर पुरते उतरण्यास आणखी सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

आता चापेक यांच्या नाटकाकडे वळू. त्यांचे रोबो लोखंडाचे नाहीत. ते कारखान्यात बनविलेल्या मांसल द्रव्याचे, हुबेहूब माणसासारखे आहेत. कारखान्याचा चालक डोमिन याचे स्वप्न उदात्त आहे: कष्ट यंत्रांनी करावेत आणि माणसाने केवळ स्वामी होऊन राहावे. परिणाम उलटा होतो. रोबो बंड करतात आणि मनुष्यजातीचा संहार करतात. वाचतो तो एकटा अल्क्विस्ट. कारण तो रोबोंप्रमाणेच स्वतःच्या हातांनी काम करतो. शेवटी दोन रोबो, प्रायमस आणि हेलेना, एकमेकांसाठी प्राण देण्यास पुढे येतात. तेव्हा अल्क्विस्ट पवित्र शास्त्र उघडून उत्पत्तीतील मानवाच्या निर्मितीची कथा वाचतो आणि मंदिरातील वृद्ध शिमोनाची प्रार्थना त्याच्या ओठी येते. ज्यांना केवळ अवजार मानले त्यांच्यातच प्रीती प्रकटली, असा हा शेवट आहे.

पुढे 1942 साली आयझॅक असिमोव्ह यांनी यंत्रमानवाचे तीन नियम कथेतून मांडले: माणसाला इजा पोहोचू देऊ नये, माणसाची आज्ञा पाळावी आणि या दोहोंच्या आड येणार नाही इतपत स्वतःला जपावे. जमीनदाराने आपल्या गड्याकडून हेच, याच क्रमाने, अपेक्षिले नव्हते काय?

आपल्या मराठी शुभवर्तमानातही 'वेठ' आहे. कुरेणेकर शिमोनाला रोमी शिपायांनी 'वेठीस धरले', असाच शब्दप्रयोग तेथे येतो. रानातून येणाऱ्या एका वाटसरूवर सत्तेने ओझे लादले आणि ते ओझे प्रभू येशूचा क्रूस होते. नासरेथच्या सुताराचा भार उचलण्याचे भाग्य वेठीस धरलेल्या माणसाला लाभले, याचे मनन आपण फारसे करीत नाही.

पोप लिओ तेरावे यांनी 1891 साली कामगारांविषयीचे परिपत्रक काढले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1981 साली स्पष्ट केले की, श्रमाचे मोल केवळ कामाच्या प्रकारावरून ठरत नाही. ते काम करणारा माणूस आहे म्हणून ठरते. 2025 साली निवडून आलेल्या पोप महोदयांनी लिओ हे नाव घेताना कृत्रिम बुद्धिमत्तेच्या युगातील श्रमप्रतिष्ठेचाच प्रश्न पुढे केला.

आमच्या धानाच्या बांध्यांत आता हार्वेस्टर फिरतो. तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणींतही यंत्रे आली आहेत. यात आम्हांस खेद नाही. चिखलात दिवसभर वाकून रोवणी करणाऱ्या बाईची कंबर यंत्राने वाचविली तर ती देवाची कृपाच मानावी. परंतु कापणीची मजुरी गेल्यावर तिच्या घरची चूल कशी पेटेल, हा प्रश्न यंत्राला विचारून चालत नाही. तो यंत्राच्या मालकाला आणि गावाला विचारावा लागतो.

यंत्र कधी माणूस होईल काय, यावर विद्वानांनी वाद घालावा. आपण आपल्या घराकडे पाहावे. सालगड्याला आपण नावाने ओळखतो काय? घरकाम करणाऱ्या बाईचे दुखणेखुपणे आपल्याला ठाऊक असते काय? कापणी करणाऱ्यांची अडविलेली मजुरी प्रभूच्या कानी ओरडते, असे संत याकोब सांगतो. शेतावरची मजुरी संध्याकाळी वेळेवर हाती पडली, तर त्या दिवसापुरती तरी आपल्या बांधावरची वेठ संपली म्हणता येईल.